कोणाचे हात वर होते

मावशीने ते पत्रक दारातच वाचलं, दारातच फाडलं, आणि मग स्वतःवरच चिडून खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. मी तिच्या चष्म्याची काडी बसवून आणली होती. माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि मावशी वर्षातून दोन काड्या तरी मोडतेच.

"बघत काय उभी राहिलीस? चिकटपट्टी आण," ती म्हणाली. "जोडायचंय हे. उद्या 'मी असं म्हणालोच नाही' म्हणाला तर?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते जोडलं. महापौरपदाच्या निवडणुकीला पाच आठवडे राहिले होते आणि दारात रोज तीन-चार पत्रकं पडत होती. एरवी मावशी पेन्सिल घेऊन त्यांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारायची आणि पुढच्या वेळी प्रचाराला येईल त्याच्या हातात तोच कागद परत ठेवायची. या पत्रकात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते दातांच्या डॉक्टरांचं होतं. पंधरा वर्षं नगरसेवक असलेले हे डॉक्टर गुळगुळीत कागदावर हसत होते आणि खाली छापलं होतं, "खालच्या वस्तीतलं अग्निशमन केंद्र बंद करू नका, असं सभागृहात ठणकावून सांगणारा एकमेव नगरसेवक!"

"ठणकावून!" मावशी म्हणाली. "भूल दिल्यासारखा बोलतो तो. आयुष्यात कशावर ठणकावलं असेल तर चहा गार आला म्हणून."

तिला माहीत असणारच. सव्वीस वर्षं ती महापालिकेच्या सभागृहात लघुलेखिका होती. व्यासपीठाच्या खाली उजव्या कोपऱ्यात शाळेतल्या बाकाएवढं एक टेबल होतं, त्यावर दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या तीन पेन्सिली आणि एक वही. नगरसेवक बोलायचे, मावशी शॉर्टहँडमध्ये उतरवायची, आणि मग त्याचं टाइप केलेलं इतिवृत्त पुढच्या सभेत मंजूर व्हायचं. कोणी तिच्याकडे बघायचं नाही. आपसात तिला 'टिपकागद' म्हणायचे. हे तिच्या कानावर गेलं होतं, कारण सगळंच तिच्या कानावर जायचं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका सदस्याने दुसऱ्याच्या अंगावर पेपरवेट फेकलं होतं. मावशीने तसंच लिहिलं. सचिवांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि ते वाक्य खोडून वर लिहिलं, 'सदस्यांमध्ये विचारांची देवाणघेवाण झाली.' म्हणाले, "बाई, जे झालं ते लिहायचं नसतं. जे ठरलं ते लिहायचं असतं." हा किस्सा मावशी आम्हाला अनेकदा हसत हसत सांगायची. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आता ते अग्निशमन केंद्र. खालच्या वस्तीत दोन लाल दरवाजांची एक बसकी इमारत होती, आत एक बंब आणि सहा माणसं. सहा वर्षांपूर्वी सभेने ते बंद केलं. 'एकत्रीकरण' असा शब्द वापरला होता. बंब रेल्वे फाटकाच्या पलीकडे, वरच्या ठाण्यात गेला. त्यानंतर चौदा महिन्यांनी, त्या लाल दरवाजांपासून तीन मिनिटांच्या अंतरावर, गाद्यांच्या कारखान्याला दुपारी आग लागली. फाटक बंद होतं. मालगाडी लांबलचक होती. बंब यायला एकोणीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात चार बायका गेल्या. चौघीही मागच्या खोलीत शिवणयंत्रावर होत्या.

पाचवी होती छकू. माझ्या काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, धाकटी बहीण. चांगली उंचापुरी, आडव्या हाडाची बाई, पण लहानपणीचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर पडली. तापलेली लोखंडी चौकट धरून पडली, त्यामुळे तिचे दोन्ही तळहात गेले. म्हणजे हात आहेत, पण मूठ वळत नाही. सुईत दोरा ओवणारी, एका दमात बारा गाद्यांच्या कडा मारणारी छकूआत्या तेव्हापासून भावाकडे राहते, आणि कपसुद्धा मनगटांच्या मध्ये धरून उचलते. तोंड मात्र शाबूत आहे. "वहिनी, भाजीत मीठ आहे, पण त्याला एकटं वाटतंय," असं ती म्हणते, आणि मावशी आणखी मीठ घालते. काका निवृत्त बस-मेकॅनिक. ते म्हणतात, "मी या घरात स्टेपनी. दोघींपैकी एक पंक्चर झाली की मला लावतात."

त्या दिवशी मावशीने ते पत्रक छकूला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात घेऊन गेली.

चौकातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी त्याआधीच एक काम काढलं होतं. हा माणूस बारा महिने सर्दीने हैराण, पण डोकं साफ. निवडणुकीत तीन जण उभे होते: दातांचे डॉक्टर, एक ठेकेदार आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव मास्तरीणबाई म्हणतं. तिघंही जुने नगरसेवक. तिघांच्याही जाहिराती भिंतींवर. ग्रंथपालांचं म्हणणं होतं, की पुढे काय करणार ते प्रत्येक जण सांगतोय, आजवर काय केलं ते आपण काढू. हजेरी, मतं, मांडलेले ठराव, दिलेले शब्द. एका मोठ्या कागदावर तिघांच्या तीन रकान्यांत लिहून वाचनालयाच्या दारावर लावू. सभांच्या इतिवृत्तांचे बांधीव खंड वाचनालयात होतेच, पण त्यांत काय कुठे आहे हे सांगू शकणारं माणूस एकच होतं.

मावशी तीन आठवडे रोज दुपारी तिथे जाऊन बसली. मीही दुकान बंद असेल त्या दिवशी जायचे. तिचा न्याय मी तेव्हा पाहिला. ठेकेदार तिला डोळ्यासमोर नको असायचा. त्याने केलेला स्मशानाकडचा रस्ता असा होता, की नेलेला माणूस उठून बसेल असं ती म्हणायची. पण दवाखान्यासमोरचा बसथांबा आणि त्यावरचं छप्पर त्यानेच सहा सभांमध्ये भांडून करून घेतलं होतं. ग्रंथपाल ते गाळायला निघाले.

"लिहा," मावशी म्हणाली. "केलंय ते केलंय. माझा राग तुमच्या कागदावर नको."

डॉक्टरांची हजेरी चांगली निघाली. मावशीने खाली तळटीप घालायला लावली, की हजेरीची सही सभेच्या सुरुवातीला होते आणि डॉक्टर चहानंतर दिसत नसत. मास्तरीणबाईंचा रकाना वाचताना तिचा आवाज जरा मऊ व्हायचा. शाळेच्या मुलींसाठी शौचालयं, वाचनालयाची वीज, पाण्याच्या टाकीची सफाई. "ही बाई अभ्यास करून यायची," ती म्हणायची. "बाकीचे नुसते यायचे."

मग सहा वर्षांपूर्वीचा खंड उघडला. ग्रंथपालांनी पान काढलं आणि वाचलं, "'अग्निशमन सेवेच्या एकत्रीकरणाचा ठराव. सविस्तर चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर करण्यात आला.'" त्यांनी पान उलटून पाहिलं. "नावं कुठायत? बाकीच्या ठरावांना कोण बाजूने, कोण विरोधात, सगळं दिलंय तुम्ही. इथेच नाही."

मावशीने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. खाली तिची सही होती, वळणदार, एकही फाटा इकडचा तिकडे नाही. तिने खंड मिटला, पिशवी उचलली आणि निघाली. मी मागे धावले. घराच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, ती थांबली.

"मी टाइप केली होती नावं," ती म्हणाली. "सगळी. सचिवांनी लाल रेघ मारली. म्हणाले, वस्तीत लोक चिडलेत, उगाच कोणाच्या घरावर जातील, बहुमताने लिहा आणि मोकळ्या व्हा. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं मी. बरं. नवीन कागद घातला आणि पुन्हा टाइप केलं. शिवाय त्या दिवशी मला लवकर घरी यायचं होतं."

"मावशी, तू काय करणार होतीस?"

"दुसरं काहीतरी," ती ओरडली. जिन्यात तिचा आवाज घुमला. "'बरं' सोडून दुसरं काहीही!"

त्या चार बायका गेल्या तेव्हा ती नावं तिला आठवली होती. छकूला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही आठवली होती. पण कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पावणेपाच वर्षं ती छकूच्या केसांना तेल लावत होती, तिच्या ब्लाउजची बटणं लावत होती, आणि तोंडात ती नावं धरून होती.

नियमाप्रमाणे इतिवृत्त मंजूर झालं की शॉर्टहँडच्या वह्या नष्ट करायच्या. पण मावशीच्या हातून कोरा कागद कधी वाया गेला नाही. अर्ध्या भरलेल्या वह्या ती घरी आणायची आणि मागच्या कोऱ्या पानांवर विणकामाचे नमुने उतरवायची. कपाटावरच्या खोक्यात अशा एकोणतीस वह्या होत्या. काकांनी खोकं खाली काढलं, धूळ झटकली आणि काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. मावशीचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं.

ती वही सापडायला तासभर लागला. मागून उघडली तर बाळाच्या टोपीचा नमुना. पुढून उघडली तर ती सभा. मावशी बोट फिरवत वाचत गेली. चौदा सदस्य हजर. ठराव मांडला ठेकेदाराने. "बंब म्हणजे पाण्याची गाडी, ती कुठूनही येते," असं तो म्हणाला होता, आणि सदस्य हसले होते. हशा, असं कंसात टिपलं होतं. अनुमोदन दिलं दातांच्या डॉक्टरांनी. बारा हात वर. विरोधात एक, खालच्या वस्तीतून निवडून आलेले म्हातारे बस-कंडक्टर. ते आता हयात नव्हते. आणि एक खुर्ची रिकामी. मास्तरीणबाई फोन आला म्हणून बाहेर गेल्या होत्या. मावशीने शेजारी बारीक खूण केली होती. मी विचारलं, ही खूण कसली?

"फोन वाजला नव्हता," मावशी म्हणाली. "मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते."

म्हणजे निवडणुकीला उभ्या असलेल्या तिघांपैकी विरोधात एकही नव्हता. एकाने मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तिसरी उठून गेली. आणि जो खरोखर एकटा उभा राहिला होता त्याचा मोठेपणा डॉक्टरांनी आपल्या फोटोखाली छापून घेतला होता.

छकू दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे.

"वहिनी," ती म्हणाली, "तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"माझे हात बघून पण?"

"हो."

"अगं, मी दर महिन्याला त्या डॉक्टरकडे जाते. दात दाखवायला. तो माझे हात बघून हळहळतो. 'मी किती सांगितलं होतं त्यांना,' म्हणतो. मी त्याचे आभार मानते गं! मी त्याच्यासाठी स्वेटर विणला असता, हात असते तर!" तिचा आवाज फुटला, पण ती रडली नाही. "आणि तू माझ्याबरोबर यायचीस. बाहेर बाकावर बसायचीस. मासिकं वाचत!"

काका मध्ये पडायला गेले. "छकू, जरा बस..."

"दादा, तू गप्प. तू आज स्टेपनी होऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ती निघून गेली. कारखान्यातून वाचलेली तिची एक मैत्रीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तिच्याकडे. जाताना मावशीला एवढंच म्हणाली, "आता वाच. सगळ्यांसमोर, मोठ्यांदा वाच. मला एकटीला सांगून सुटायचं नाही."

मावशीला ते सांगायची गरज नव्हती. ती इतकी संतापली होती, की त्या आठवड्यात तिच्या हातून दोन बशा आणि एक काडी गेली. संताप कोणावर होता? डॉक्टरांवर होता, सचिवांवर होता, मास्तरीणबाईंवर तर जास्तच होता, कारण तिथे तिचा जीव गुंतला होता. पण मला वाटतं, सगळ्यात जास्त तो त्या 'बरं'वर होता.

ग्रंथपालांनी तिला एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. "ताई, वही तुमची, लिपी तुमची, वाचणार तुम्ही. कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्या कोणीतरी वाचलं पाहिजे." म्हणून मावशी आपल्या जुन्या सरांकडे गेली. टायपिंग आणि शॉर्टहँडचे वर्ग चालवणारे हे सर आता ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी वही हातात घेतली आणि आधी म्हणाले, "तुझ्या 'र'ची रेघ अजून लांब येते."

रविवारी सकाळी तंत्रशाळेच्या सभागृहात तिन्ही उमेदवारांना ग्रंथपालांनी बोलावलं होतं. हॉल भरला होता, खिडक्यांतही माणसं. खालच्या वस्तीतले लोक मागे उभे होते आणि त्यांच्यात छकू होती, हात शालीत गुंडाळून. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि सांगू लागले, की त्या दिवशी सभागृहात आपण कसे एकटे पडलो होतो. मावशी उठली.

"डॉक्टर, अनुमोदन तुम्ही दिलंत."

"कोण? अच्छा, तुम्ही." ते हसले. "बाई, इतिवृत्तात तसं काही नाहीये."

"माझ्या वहीत आहे."

"तुमच्या वहीत!" डॉक्टर प्रेक्षकांकडे वळले. "माझी नातसुद्धा वहीत अशाच रेघोट्या ओढते." लोक हसले. मावशीचे कान लाल झाले. तिने वही सरांच्या हातात दिली. सरांनी ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखी डोळ्यांजवळ नेली आणि वर्गात श्रुतलेखन घालावं तशा एकसुरी, संथ आवाजात वाचायला लागले. "ठरावाला अनुमोदन, डॉक्टर. स्वल्पविराम. म्हणाले, कार्यक्षमतेच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यक आहे. पूर्णविराम. हात वर. डॉक्टर, वर." एकेक नाव, एकेक हात. विरामचिन्हांसकट. हॉलमध्ये कोणी हसेना.

डॉक्टरांचा रंग उडाला, पण माणूस मुरलेला होता. "एक सांगा," ते मावशीला म्हणाले, "हे खरं असेल तर मंजूर इतिवृत्तात नावं का नाहीत? ते कोणी टाइप केलं?"

"मी."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत की आता?"

"तेव्हा खरं गाळलं," मावशी म्हणाली. "मला गाळायला सांगितलं आणि मी गाळलं. नोकरी जाणार नव्हती, कोणी मारणार नव्हतं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. मी ती नावं लिहिली असती तर लोक तुमच्या दारात आले असते. यायलाच हवे होते! कदाचित बंब परत आला असता. माझी चूक आहे, आणि ती मी इथे उभी राहून सांगतेय. आता तुम्ही तुमची सांगा."

डॉक्टरांनी आपली फाइल आवरायला घेतली.

मास्तरीणबाई उठल्या. त्या दिवशी मुलाच्या शाळेतून फोन आला होता, असं काहीतरी सांगू लागल्या. मावशीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग त्या थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "फोन आला नव्हता. पक्षाने हात वर करायला सांगितलं होतं. मला ते पटत नव्हतं आणि नाही म्हणायचा धीर नव्हता. म्हणून मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले." त्या खाली बसल्या.

आता ठेकेदाराला चेव आला. तो छाती काढून म्हणाला, "मी नाकारत नाही बाबा. ठराव मीच मांडला. मी जे करतो ते उघड करतो." आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! खरं बोलला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या! मावशी वळली आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर अशी काही तुटून पडली, की माइकची गरजच राहिली नाही.

"कसल्या टाळ्या वाजवता? चौघी मेल्या! उघड केलं म्हणून कमी मेल्या का? खरं बोलणं ही सुरुवात असते, बक्षीस मिळवायची जागा नव्हे!"

मागून कोणीतरी हुंदका दिला. ग्रंथपालांनी शिंकत शिंकत सभा संपवली.

दारावर कागद लागला तेव्हा त्यावर तीन नाही, चार रकाने होते. चौथा मावशीच्या हट्टाने. 'लघुलेखिका, सव्वीस वर्षं. अग्निशमन केंद्राच्या ठरावातली नावं सचिवांच्या सांगण्यावरून गाळली.' ग्रंथपाल नको म्हणत होते, ती निवडणुकीला थोडीच उभी होती. मावशी म्हणाली, "दुसऱ्यांचं काढायचं तर आपलंही काढायचं." सचिवांचं नाव मात्र तिने घालू दिलं नाही. तरी निवृत्त सचिव एक दिवस बाजारात तिला आडवे आले. "बाई, मला कशाला गोवलंत?" ती म्हणाली, "साहेब, तुम्ही फक्त रेघ मारलीत. टाइप मी केलं." आणि पुढे गेली. कोपऱ्यावर आल्यावर मला म्हणाली, "ह्याला अजूनही फक्त स्वतःचीच काळजी. आणि मी ह्याला सव्वीस वर्षं साहेब म्हटलं. आत्तासुद्धा तेच आलं बघ तोंडात!"

मग ती त्या चार घरी गेली. मी बरोबर होते. पहिल्या घरी एका सासूने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या घरातली माणसं शहर सोडून गेली होती. तिसऱ्या घरी मुलगी होती, नर्सच्या गणवेशात, कामावर निघालेली. तिने विचारलं, "हे मला आता सांगून तुम्हाला बरं वाटतंय का?" मावशी म्हणाली, "नाही." मुलगी म्हणाली, "चांगलं आहे," आणि बस पकडायला गेली. चौथ्या घरातल्या नवऱ्याने आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि वहीतलं ते पान मावशीकडून दोनदा वाचून घेतलं. मग आपल्या दारावर चिकटवलेलं डॉक्टरांचं पत्रक नखांनी खरवडून काढलं. ते निघेना, तेव्हा त्याने ओलं फडकं आणलं. आम्ही निघालो तरी तो घासतच होता.

निवडणूक झाली. डॉक्टर तिसरे आले आणि अनामतही घालवून बसले. मास्तरीणबाई तीनशे चाळीस मतांनी निवडून आल्या, ठेकेदाराच्या जेमतेम पुढे. त्याला इतकी मतं पडली हे मावशीला आजही पचलेलं नाही. मी विचारलं, तू कोणाला दिलंस? "बाईला," ती म्हणाली. "दातओठ खाऊन. तिला निदान लाज तरी वाटली."

नव्या महापौरांनी पहिल्याच सभेत नियम केला, की प्रत्येक मत नावानिशी इतिवृत्तात आलंच पाहिजे. मावशीने बातमी वाचली आणि पेपर टेबलावर आपटला. "एक ओळ! एवढीच एक ओळ लागत होती!" महापालिकेने तिला नोटीस पाठवली, की कार्यालयीन वह्या घरी ठेवल्या आहेत त्या जमा करा. तिने सगळ्या एकोणतीस वह्या विणकामाच्या नमुन्यांसकट खिडकीवर नेऊन दिल्या आणि प्रत्येक वहीची वेगळी पोच लिहून घेतली. खिडकीवरचा माणूस कंटाळला. ती कंटाळली नाही.

अग्निशमन केंद्र उघडायला त्यानंतर अकरा महिने लागले. आधी समिती, मग पाहणी, मग पुन्हा समिती. मावशी दर सोमवारी जाऊन विचारायची. तिथली माणसं तिला बघून फोन उचलून बोलण्याचं नाटक करायची. "वाजला नव्हता," ती खिडकीतून म्हणायची.

आणि छकू? ती मैत्रिणीकडे दोन महिने राहिली. मग एका दुपारी पिशवी खांद्याला अडकवून दारात उभी राहिली. मैत्रिणीचा जावई येणार होता, जागा नव्हती. मावशीने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," छकू म्हणाली. "मी तुला माफ वगैरे केलेलं नाही. आधीच सांगते."

"नको करूस," मावशी म्हणाली.

"आणि माझी बटणं आता दादा लावेल."

"बरं," असं मावशीच्या तोंडून निघणार होतं. मी तिच्या ओठांवर ते बघितलं. पण ती म्हणाली, "नाही. त्याच्या बोटांना अजून ग्रीस असतं, तुझे कपडे खराब होतील. मीच लावणार. तू हवं तेवढं भांड."

छकू भांडली. त्या संध्याकाळी दोघी इतक्या मोठ्याने भांडत होत्या, की खालच्या मजल्यावरच्या शेजारीण बाई वर चौकशीला आल्या. काकांनी दार उघडून त्यांना सांगितलं, "काही नाही हो. दोघी घरी आहेत."